खजुरीच्या बागेतलं जहाज

माझ्या लेकीला, रुखसारला मुलगा झाला, तहा; त्या वर्षी मी तिच्या बाळंतपणाला हर्णैहून शारजाला आले. बाळाने जरा बाळसं धरलं तसं जावयाने आम्हाला रास अल खैमाकडची एक जुनी बाग दाखवायला नेलं.

खजुरीच्या झाडांत चक्क दगडी जहाज! कुण्या मोत्यांच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. बायकोला समुद्राचं भय, म्हणून त्याने जहाजच बागेत आणलं म्हणे. पायऱ्यांना कठडा नव्हता. मी घुटमळले, तर वरून एक हात पुढे आला. दाढी पिकलेली, डोळे मात्र खट्याळ.

"या. उमरभर टगबोटीवर सारंग होतो, मोठमोठी जहाजं ओढून बंदराला लावली. बुडवणार नाही."

"बुडायला पाणी कुठाय इथे?"

"तेच तर... मग भिता कशाला?"

हात धरला. सोडायचा तो दोघंही विसरलो.

ते खैरुद्दीन, दाभोळचे. माझ्यासारखेच एकटे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. नोकरी संपली होती. महिनाअखेर व्हिसा संपला की कायमचे गावी जाणार होते.

"पुढल्या शुक्रवारी... याल इथे?"

"इन्शाल्ला."

त्यांचा चेहराच उतरला. "नको तर नको म्हणा ना. या मुलखात इन्शाल्ला म्हणजे गोड नकार."

"आमच्या हर्णैत अल्लाचं नाव घेऊन कुणी खोटं बोलत नाही!"

घरी रुखसार भडकली. "अम्मी, या वयात? लोक हसतील. खलास, विषय बंद!"

"हसू देत. तेवढीच त्यांची करमणूक."

शुक्रवारी मी विचारत विचारत एकटीच बसने गेले. जहाजावर कुणीच नव्हतं. ऊन कललं... तरी मी हलले नाही. मग पायऱ्यांवर पावलं वाजली.

"आलात?" त्यांनी वरच्या पायरीवरूनच विचारलं. "मी फाटकाबाहेर गाडीतच बसून होतो. वर आलो, आणि तुम्ही नसलात तर..."

"एवढे सारंग, आणि बिनपाण्याच्या जहाजाला भ्यालात?"

ते हसले. मग एकदम गंभीर झाले. "निकाह कराल माझ्याशी?"

"इन्शाल्ला."

"कुठलं? इथलं... की हर्णैचं?"

"हर्णैचं," मी म्हटलं. या खेपेला हात मी पुढे केला.

निकाहाची मेंदी रुखसारनेच काढली, तोंड फुगवून. आम्ही हर्णैला राहिलो, बंदरासमोर. खैरुद्दीन २०२४ साली, बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वारले.