लांबच्या वळणावरचा दाब

थंडी उणे पंचविसाच्या खाली उतरली की मी गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी करते. त्यात गूढ काही नाही. गार हवा घट्ट असते. टर्बोनं, म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणाऱ्या पंख्यानं, तेवढ्याच दाबानं ती इंजिनात कोंबली तरी प्राणवायू जास्त जातो, पेट्रोल पुरत नाही आणि पिस्टन वितळतो. उन्हाळ्यात सव्वा बार दाबावर मजेत पळणारी गाडी जानेवारीत एक बारवर आणावी लागते. इकडे उत्तरेत, कायनूमध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला तर असायलाच हवं, कारण गावची बंद पडलेली डेअरी घेऊन मी तिथे गॅरेज काढलंय आणि टर्बो हेच माझं काम आहे.

माझा धाकटा भाऊ यालमारी लाकडाचे ट्रक चालवतो आणि हिवाळ्यात सौक्कोयार्वी तळ्याच्या बर्फावरच्या शर्यतीत उतरतो. गाडी जुनी, खोक्यासारखी. आत चालवणाऱ्याची सीट तेवढी ठेवलेली, बाकी सगळं उचकटून काढलेलं. इंजिन मी बांधलेलं.

मागच्या हिवाळ्यात ती गाडी लांबच्या वळणावर बिथरली. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथे सुकलेलं लव्हाळं बर्फातून वर येतं, तिथे ते वळण आहे. यालमारीनं ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि गाडी मंदावायच्या ऐवजी पुढे झेपावली. बर्फाचा बांध फोडून ती बघ्यांत घुसली. लोक बाजूला उड्या टाकून वाचले. त्या वळणावर झेंडा घेऊन आउने काकू उभ्या असतात. आमच्या आईची मैत्रीण, शर्यतीच्या क्लबचं सगळं त्याच बघतात. गाडी त्यांच्या बुटांना टेकून थांबली.

या वर्षी नाव द्यायला गेलो तेव्हा काकूंनी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे सरकवला आणि मग म्हणाल्या, "गाडी येऊ दे. पण पुन्हा तसं झालं, तर त्या गाडीला आणि तुम्हा दोघांना बर्फ बंद. कायमचा."

"नाही होणार," मी म्हणाले.

"कारण सापडलं?"

"सापडेल."

मला वाटत होतं, कारण सोपंच असणार. टर्बोचा दाब वाढला की एका बारीक नळीतून तो वेस्टगेटपर्यंत पोचतो. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा धूर बाजूला काढून टर्बोला आवरणारी झडप. थंडीत त्या नळीत दव साठतं आणि गोठतं. मग झडपेला दाब वाढल्याचं कळतच नाही, ती उघडत नाही आणि बूस्ट वाढतच जातो. मी नळी बदलली, जाड आणि आखूड घेतली, इंजिनाच्या गरम अंगालगत नेली. मग झडपेची स्प्रिंग बदलली, सेन्सर बदलला. डॅशबोर्डवर दाब दाखवणारं काट्याचं साधं मीटर बसवलं, कारण काट्याला वायर लागत नाही. शेवटी बूस्टचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रणच काढून टाकलं.

सरावात गाडी तळ्यावर सगळीकडे शहाण्यासारखी धावली. लांबच्या वळणावर काटा दोन बारच्या वर गेला.

"तुझ्यावर गेलीय, ताई," यालमारी हेल्मेट काढत म्हणाला. "थांब म्हटलं की चेकाळते." विनोद त्याचाच होता, पण तो हसला नाही. "सोडून देऊ या का?"

"पाय उचलल्यावर चढला?"

"उचलल्यावरच."

हे होऊ शकत नाही. पाय उचलला की थ्रॉटल, म्हणजे हवेचं दार, मिटतं आणि इंजिनाला हवा मिळेनाशी होते. काटा शून्याच्या खाली जायला हवा. मी त्याला तसं सांगितलं.

"मला नको सांगूस," तो म्हणाला. "तिला सांग."

दुसऱ्या दिवशी मी शेजारी एक सीट बोल्टनं आवळली आणि दुपारी त्याच्याबरोबर निघाले. उणे एकोणतीस होतं, वारा अजिबात नव्हता. आकाश दक्षिणेकडे फिकट गुलाबी आणि बाकी सगळं निळसर. टायरचे खिळे बर्फ ओरबाडत होते. तेल गरम होईपर्यंत मी त्याला हळू चालवायला लावलं. मग म्हटलं, "जा."

सरळ पट्टा. काटा एकवर चढला आणि तिथेच थांबला. अगदी हवा तसा. समोर लव्हाळं दिसायला लागलं. यालमारीनं पाय उचलला. मी त्याचा बूट बघत होते, तो पॅडलपासून वीतभर वर होता.

काटा दीडवर गेला. मग पावणेदोनवर. दाब दिसतोय म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल सोडत होता आणि गाडी पुढे ओढत होती.

"बंद कर!"

त्यानं स्विच पाडला. गाडी घसरत गेली आणि बांधाला टेकून थांबली. इंजिन निपचित. गरम लोखंड आकसताना टिकटिक करतं, तेवढाच आवाज.

काटा शून्यावर आला. मग पुन्हा उठला. पाव बारपर्यंत. तिथे जरा थांबला, परत शून्यावर आला.

पुन्हा उठला.

"ताई," यालमारी म्हणाला, "इंजिन बंद आहे."

"दिसतंय मला."

मी उतरले, बोनेट उघडलं आणि टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला. आत चाक फिरत होतं. हळू, पाती मोजता येतील इतकं हळू. मग थांबलं. मग फिरलं.

मी हातमोजा काढला आणि तळवा त्या तोंडासमोर धरला.

हवा बाहेर येत होती. कोमट आणि दमट. पेट्रोलचा वास नाही, तेलाचा नाही.

मी हात काढून घेतला. तळव्यावर दव होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत ते पांढरं झालं.

बांधामागून कुऱ्हाडीच्या दांड्यानं बर्फ ठोकत आउने काकू आल्या. त्या खुणेचे बांबू रोवत होत्या. उघडं बोनेट बघून त्या जरा लांबच थांबल्या.

"तळ्याच्या या टोकाला कोणी माशांची जाळी टाकत नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"माहीत नाही. आमचे वडीलही टाकत नसत. मी विचारलं नव्हतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरी जा, हेल्का. हातमोजा घाल."

यालमारीनं गाडी ट्रकवर चढवली. गॅरेजमध्ये आल्यावर म्हणाला, "मी वळण बदलून मागतो. काकू ऐकतील."

"आणि पुढच्या वर्षी दुसरं कोणी तिथे पाय उचलेल. त्याची गाडी मी बांधलेली नसेल."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली." पण हाताला काम दिसत होतं. "कोण करतंय ते मला कळत नाही, यालमारी. पण दाब हा दाबच आहे. आला, तर त्याला बाहेर जायला वाट ठेवायची."

मी एक झडप बनवली. पितळी, मुठीएवढी, आत फक्त एक स्प्रिंग. नळी नाही, वायर नाही, गोठण्यासारखं काही नाही. थ्रॉटलच्या पुढे, थेट इंजिनाच्या छातीवर ती बसवली. सव्वा बारच्या वर गेलं की स्प्रिंग दबणार आणि हवा बाहेर. स्प्रिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून तपासली, पुन्हा बर्फात पुरून तपासली. कॉम्प्युटरलाही शिकवलं: पाय वर असेल, तर काटा काहीही सांगो, पेट्रोल द्यायचं नाही. शेजारची सीट काढून टाकली.

शर्यतीच्या दिवशी मी लांबच्या वळणावर जाऊन आउने काकूंच्या शेजारी उभी राहिले, बांधाच्या अलीकडे.

"इथे उभं राहायला परवानगी नाही," त्या म्हणाल्या.

"झडप चुकली, तर गाडीसमोर आधी मी असायला हवी."

त्यांनी थर्मासचं झाकण भरून कॉफी दिली.

मागच्या बाजूला लोक सॉसेज भाजत होते, धुराचा वास येत होता. गाड्या आल्या. यालमारी चौथा. मी त्याच्या इंजिनाचा आवाज ओळखते. आवाज चढला आणि पाय उचलल्यासरशी तुटला. त्याच क्षणी बोनेटखालून लांब, खोल फुत्कार आला. पांढरी वाफ उसळली. गाडीनं नाक वळवलं आणि आमच्यासमोरून आज्ञेत असल्यासारखी निघून गेली.

मी श्वास सोडला. त्याचीही वाफ झाली.

फेरीमागून फेरी, तेच. पाय वर, फुत्कार, वळण. यालमारी तिसरा झाला, मग दुसरा. काकूंनी माझ्या दंडावर हलकेच थाप मारली. मला हसू आलं, मोठ्यानं. कित्येक आठवड्यांनी.

फक्त वाफ लगेच विरत नव्हती. दुसऱ्या गाड्या गेल्या तरी ती वळणावर लव्हाळ्यापाशी उभी असायची, फार उंच नाही, कमरेएवढी. वारा नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

शेवटच्या फेरीला फुत्कार आलाच नाही.

झडप अडकली! मी काकूंना बांधामागे ढकललं. पण गाडी मंदावली, वळली आणि गेली, अगदी शांतपणे. वळणावर वाफ नव्हती. आधीचीही नव्हती.

"थांबलं वाटतं," काकू हळूच म्हणाल्या. त्या माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होत्या.

यालमारी दुसरा आला. मी तळं ओलांडून पोचेपर्यंत लोकांनी त्याला उचलून शेकोटीकडे नेलं होतं. त्यानं लांबूनच मला दोन्ही मुठी दाखवल्या. गाडी एकटी उभी होती. मी बोनेट उघडलं. झडप मोकळी होती, बोटानं दाबली तर सहज हलली. आत डोकावून मीटर बघितलं. काटा शून्यावर होता, मेल्यासारखा स्थिर.

म्हटलं, जिंकलो.

मग काचा दिसल्या. यालमारीचा श्वास सगळ्या काचांवर आतून गोठला होता, पांढरा आणि खरखरीत. उजवीकडच्या खिडकीवर, सीट नव्हती त्या बाजूला, खाली एक वर्तुळ पारदर्शक होतं. तळव्याएवढं. शाळेच्या बसमध्ये मुलं बाहेर बघायला काचेला तोंड लावून फुंकर घालतात, तसं.

इतक्या थंडीत असं वर्तुळ बघता बघता गोठतं. मी रिकाम्या गाडीचं दार लावलं आणि बाहेर उभी राहून वाट बघितली. माझ्या पापण्यांवर बर्फ धरला. शेकोटीपाशी लोक मला हाका मारत होते. वर्तुळाभोवतीचा बर्फ हळूहळू जाड होत गेला.

वर्तुळ ओलंच राहिलं.