चिणलेलं दार

आखातातल्या त्या ओसाड बेटावर आम्ही निघालो ते एका दगडासाठी! तिथल्या पडक्या किल्ल्यात एका अरबी टोळीने वेढा पडल्यावर आतून दार चिणून घेतलं आणि हसत मरण पत्करलं, अशी आख्यायिका. दारावरचा कोरीव लेख फैसलला हवा होता. तो आमच्या ऑफिसचा मॅनेजर, इतिहासाचं भलतं वेड. मी उस्मान, होडीचा मेकॅनिक; फैसल आणि मी दोघेही रत्नागिरीचे. तिसरा केरबा, सांगोल्याचा गवंडी.

जूनचं ऊन. दगडाला हात लाववत नव्हता. केरबाने चिणलेलं दार चाचपलं, फटीतून आत टॉर्च मारला. आत हाडं होती, लहान-मोठी.

"उस्मानभाई, गिलावा भायेरनं हाय, थापीची सफाई बगा. पानी पुरंना म्हनून आपल्याच मानसांनी म्हातारीकोतारी, पोरं कोंडली आसनार."

फैसल उखडला. "खलास, पुरे! असलं कोण ऐकणार? लेखाचा दगड काढ!"

"काढला तर भिंत अंगावर यील, सायेब."

"यल्ला, चल, हो बाजूला!" त्याने स्वतःच पहार घातली.

भिंत आली! धाडकन! केरबाचा पाय दगडांखाली गेला.

ओहोटी लागली होती. "होडी रुतली तर तिघंही मरू! इन्शाल्ला, मदत पाठवतो," म्हणत फैसल पळाला. मी शिव्या घातल्या, पण इंजिन सुरू झालं होतं. पाण्याचे कॅन होडीत! माझ्याकडे एकच बाटली.

त्याच लेखाच्या दगडावर पहार टेकवून मी जोर लावला. दगड फुटला, पण केरबा सुटला! त्याला पाठीवर घेऊन चिखल तुडवत किनाऱ्याने निघालो.

अर्ध्या मैलावर होडी दिसली, वाळूवर चढून कलंडलेली. फैसल कोकणात जन्मला, पण होडी त्याला फक्त फोटोपुरती माहीत! कॅन फुटले होते. फैसल तिच्या सावलीत पडलेला.

"उस्मान... घोटभर..."

बाटलीत तेवढंच उरलं होतं.

"त्येला द्या," केरबा म्हणाला आणि त्याने तोंड मिटून घेतलं.

माझं डोकंच फिरलं. मी केरबाचा जबडा धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत त्याला पाजलं. फैसल बघत होता. त्याने बघावं, असंच मला वाटत होतं.

भरतीबरोबर मच्छीमार आले. तिघंही वाचलो. केरबाचा पाय मात्र गेला.

हॉस्पिटलात त्याने ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"उस्मानभाई, पानी पिताना फैसलसायबाचं डोळं दिसत्यात. तुमाला दिसत न्हाईत?"

"नाही," मी म्हणालो.

आणि ते खरं होतं.