राघूच्या पिंजऱ्यातली रुई

श्वास घेताना राघूची शेपटी किंचित खाली जायची, सोडताना वर यायची. निरोगी पोपटाची शेपटी श्वासाबरोबर अशी हलत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, एवढं मला कळत होतं. आईला मात्र सांगितलं नव्हतं.

राघू बाबांचा. बाबा गेल्यावरही कुणी घराबाहेर पडलं की तो त्यांच्याच आवाजात म्हणायचा, "दार लोटून घेजो." आई उत्तर द्यायची, "हाव, घेतलं." दिवसभरात तिचं बोलणं बहुतेक तेवढंच.

मलकापूरच्या ढोरांच्या दवाखान्यात मी पिंजरा टेबलावर ठेवला, तेव्हा बाहेर पौषातलं मळकट आभाळ होतं. डॉक्टर खर्चे रोहिणखेडचे, नोकरीसाठी इथे आलेले. ते बैलाचा खूर धूत होते.

"याले शिंगं कुठं आहेत, बाई?"

"चोच आहे. पुरेल तुम्हाला."

त्यांनी हात आत घातला, आणि राघूने बोट धरलं.

"पुरली," ते शांतपणे म्हणाले. मी हसले... बऱ्याच महिन्यांनी.

मग ते रोज संध्याकाळी सायकलवर औषध घेऊन येऊ लागले. राघूला दोन थेंब पाजायचे, आणि चहा निवेपर्यंत बसायचे.

"चहा थंड झाला," मी म्हणायचे.

"होऊ द्या. गरम असला की लवकर संपते."

एका संध्याकाळी पिंजऱ्याकडेच पाहत ते म्हणाले, "माझी बदली झाली. वरवट बकालले. एकट्यानं जावं वाटत नाही... तुम्ही येसान?"

मी कपबशी खाली ठेवली. "राघू बरा होऊ द्या — मग सांगते."

"त्याच्यावर काऊन ढकलता?"

मी एकुलती एक. मी गेल्यावर आईशी बोलायला राघूच उरणार होता. आणि आमच्याकडे आई लेकीच्या घरी जाऊन राहत नाही, तिथलं पाणीसुद्धा पीत नाही. आईला विचारलं तर ती 'तू जाय, मी राहीन एकटी' म्हणेल, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांना रोज पाहायचं आणि रोज काही सांगायचं नाही, असे दिवस गेले.

राघू पहाटे गेला.

डॉक्टर आले. त्यांनी त्याची चोच हलक्या हाताने उघडली, चिमट्याने घशातून काहीतरी ओढलं. ओला, पिवळट पिळा, कापसाच्या रुईचा. बाहेर येतच राहिला.

मलकापुरात जपायचं ते सगळं रुईत ठेवतात — कानातल्या कुड्या, अत्तराची कुपी, अंगात ऊब नसलेलं तान्हं मूल. थंडी पडल्यापासून आई राघूच्या पिंजऱ्यात मऊ रुई भरत होती. तो ती चोचीने पिंजायचा, आणि आम्हाला वाटायचं, खेळतो आहे. मीही पाहत होते. शेपटीचा श्वास मोजला मी, आणि रुईकडे लक्ष गेलं नाही.

"काय निघालं, डॉक्टरसाहेब?" आईने दारातून विचारलं.

त्यांची मूठ मिटली. "काही नाही, मावशी. वय झालं होतं त्याचं."

"मी तं रोज रुई भरत होती... थंडी लागू नये म्हून."

"त्याच रुईनं तं इतके दिवस काढले त्यानं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी होकाराने मान हलवली. मिटलेली मूठ खिशात गेली.

ते सायकलकडे निघाले. आईची मान सवयीने पिंजऱ्याकडे वळली. ती थांबून राहिली. घरात कुठलाच आवाज आला नाही.

"हाव," ती हळूच म्हणाली, "घेतलं."

दार सताड उघडं होतं.

मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. डॉक्टरांशी मी नेहमी शाळेतली भाषा बोलायचे, आज तसं जमलं नाही.

"थांबा," मी म्हणाले. "मले याचंय तुमच्यासंगं. लग्न करून. आणि आई आपल्याच घरी राहीन — लोकं काहीही म्हणोत."