काकांच्या टेम्पोचा चार्जर

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. माझ्या कानांनी ऐकलंय तेच लिहितेय. नावंही बदललेली नाहीत.

गेल्या मे महिन्यातला रविवार. भर दुपार. भाईंदरजवळच्या मुर्धा गावातलं आमचं घर.

घर एकच, पण मधे भिंत. इकडे मी आणि आई. तिकडे माझे सख्खे काका, भूपेश. लाइटचा मीटर त्यांच्या बाजूला, आमची लाइन त्यांच्याच बोर्डावरून येते. बाबा गेल्यापासून आम्ही त्यांच्याशी बोलत नव्हतो.

बाबांची फुफ्फुसं कामातून गेली होती. घरात दिवसभर ऑक्सिजनचं मशीन चालायचं.

घर्रर्र... फुस्स. घर्रर्र... फुस्स.

लाइट गेली की ते मशीन ओरडायला लागायचं. पीं... पीं... पीं...

त्या मेच्या आधीच्या थंडीत एका दुपारी ते बंद पडलं. मी कामावर होते. आई औषधं आणायला भाईंदरला गेली होती. ती परत आली तेव्हा बाबा गार पडले होते.

"लाइट गेलेली," काका म्हणाले.

आई गल्लीत शिरली तेव्हा समोरची पिठाची गिरणी धडधडत होती.

तरी कुणी काही बोललं नाही. आम्हीसुद्धा.

तर त्या रविवारी काकांनीच आमचं दार वाजवलं. त्यांचा बॅटरीवरचा टेम्पो आहे, पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बिल्डिंगांमध्ये पाण्याचे जार पोचवतात. आणि मी इलेक्ट्रिक स्कूटरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम करते.

"समीक्षा, चार्जर चालत न्हाय. धंदा बसलाय. बघशील काय जरा?"

मी नाहीच म्हणणार होते. पण आई आतून म्हणाली, "जा. बघून ये."

चार्जर त्यांच्या ओट्यावर होता. लोखंडी डबा, मागे पंखा. चार्जिंग चालू असताना लाल दिवा लागतो, झालं की हिरवा. आता कुठलाच लागत नव्हता.

मी मल्टिमीटर काढला. सॉकेटमध्ये करंट होता. वायर ठीक. फ्यूज ठीक. टेम्पोची बॅटरी ठीक. पण चार्जरमधून पुढे काहीच येत नव्हतं.

"दुकानात नेला का चालतो गो," चांदणी काकी हळूच म्हणाली. "बदलून दुसरा आनला. तो पन हितं आला का मरतो."

मी प्लग काढला. बॅटरीची पिनही काढली. आता डबा कशालाच जोडलेला नव्हता.

झाकणाचे स्क्रू सैल करत होते, एवढ्यात...

पंखा फिरला.

आत थोडा करंट उरला असेल तर पंखा एखादी गिरकी घेतो. मी थांबले.

पंखा थांबेना.

घर्रर्र... फुस्स.

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

घर्रर्र... फुस्स.

चार्जरचा पंखा असा चालत नाही हो. तो एका सुरात गुणगुणतो. हा दम घेत होता.

"बंद कर ते!" काका ओरडले.

"काका, प्लग बघा. माझ्या हातात आहे."

आवाज थांबला.

गल्लीतली पोरं, कावळे, कुणाचा तरी टीव्ही... सगळंच थांबलं.

आणि मग...

पीं... पीं... पीं...

मी झाकण ओढून काढलं. पीं-पीं करेल असा एकही पार्ट आत नव्हता. तरी आवाज आतूनच येत होता.

काका आमच्या भिंतीकडे बघत होते. मग ते बोलले. माझ्याशी नाही. नेहमीच्या, वैतागलेल्या आवाजात.

"जरा दम धर की दादा. गाडी चार्ज झाली का लावतो तुजी लाइन."

काकीने तोंडावर पदर दाबला.

आवाज बंद.

बाबा गेले त्या दुपारी लाइट गेलीच नव्हती. टेम्पो आणि मशीन, दोन्हीचा लोड बोर्ड घेत नव्हता, म्हणून काकांनी आमची लाइन बंद केली होती. बाबांनी भिंत ठोकली असेल. हाक मारली असेल, जमेल तशी. आणि त्यांना हे उत्तर मिळालं होतं.

"काय म्हणालात, काका?"

"मी? मी कुटं काय बोललो?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं, की ढोंग करत होते? अजून कळलेलं नाही मला. काकीला विचारलं तर ती उठून आत गेली.

पोलिसांत जाऊन काय सांगणार? चार्जरने सांगितलं म्हणून?

घरी आले. आई सुके बोंबील साफ करत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. हातातला बोंबील तिने तसाच धरून ठेवला.

"म्हणजे आले होते," ती म्हणाली.

"हो."

"इतके महिने मी इथे वाट बघत्ये. एकदा पण आले नाहीत." ती भिंतीकडे बघत राहिली. "मेल्यावर पण भावाच्याच ओट्यावर गेले."

काकांनी टेम्पो विकला. भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या एका माणसाने घेतला, चार्जरसकट. मी त्याला फोन करून विचारलं. चार्जर तिकडे मस्त चालतो.

पण तेव्हापासून आमच्याकडे दुपार झाली की भिंतीतून येतं...

घर्रर्र... फुस्स.

आई जेवणाचं ताट घेऊन भिंतीशी बसते. कान लावून. मी तिला उठवत नाही.

काल आवाज आला नाही.

आई जेवली नाही.