विहिरीकडे वळलेला कॅमेरा

हे मी कुणाकडून ऐकून लिहीत नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. पटलं नाही तरी चालेल, फक्त खोटं म्हणू नका.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. दिवेलागणीची वेळ. आरे-वारेच्या पुढे आमची आंब्याची बाग आहे, तिथलं घर.

माझे बाबा, आत्माराम, तिथे एकटेच राहायचे. उमेदीची वर्षं बोटीवर गेलेली, कुणाचं ऐकायची सवय नाही. मी रत्नागिरीत नोकरीला. मध्यंतरी त्यांना चक्कर येऊन पडायला झालं, म्हणून मी अंगणावर कॅमेरा बसवून घेतला. चौफेर फिरणारा. फोनवरून त्यांच्याशी बोलताही येईल असा.

बाबा भडकले.

"माझ्याच घरात माझ्यावर पहारा? उद्या कुलूप पण लावशील गो."

कॅमेरे बसवणारा दर्शन माझ्या ओळखीचा. त्याने पडवीच्या खांबावर कॅमेरा लावला, राउटरला जोडला, माझ्या आणि स्वतःच्या फोनवर ॲप टाकलं. म्हणाला, "ताई, घरच्या वायफायवर तो दिसणारच. बाहेर जाऊन मोबाइलच्या नेटवर दिसला, तर काम झालं."

म्हणून परतताना समुद्रावरच्या वळणावर आम्ही गाडी थांबवली. मी ॲप उघडलं.

अंगण स्वच्छ दिसत होतं. बाबा बाकावर बसलेले.

चित्राखाली लिहिलं होतं... पाहणारे : २.

"तू पण उघडलंस का रे?"

"नाही ताई. माझा फोन खिशात आहे."

दर्शनने माझ्या फोनवरून पासवर्ड बदलला. मी नव्याने आत शिरले.

पाहणारे... दोनच.

त्याने कुठलंसं पान उघडलं. बराच वेळ बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "दुसरं जे कोण बघतंय ना, ते तुमच्या घरातल्याच वायफायवर आहे."

घरात बाबांशिवाय कोणी नव्हतं. बाबांकडे साधा बटणांचा फोन.

तेवढ्यात चित्र हललं.

कॅमेरा वळत होता. मी हात लावला नव्हता. तो सावकाश बाबांवरून सरकला, चाफ्यावरून गेला... आणि विहिरीवर थांबला.

मी बाबांना फोन लावला. पडवीत घंटी वाजत होती, मला ॲपमधून ऐकू येत होती. कोणी उचलला नाही.

मग चित्रात बाबा आले. विहिरीच्या दिशेने चालत.

मी बोलायचं बटण दाबलं. "बाबा, घरात जा. विहिरीकडे जाऊ नका."

ते थबकले. कॅमेऱ्याकडे वळून बघितलं.

हसले... आणि भराभर चालू लागले.

मी जितकं ओरडत होते, तितके ते घाई करत होते. दर्शनने गाडी वळवली. मी त्याच्या फोनवरून शेजारच्या शिवादादाला गाठलं. "दादा, धावा. बाबा विहिरीपाशी आहेत."

बाबांनी कठड्यावर पाय ठेवला.

चित्र गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा जमिनीवर बसले होते. शिवादादाने त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. मी जवळ गेले तसे बाबा मागे सरकले.

"तूच बोलावत होतीस ना गो?"

"मी घरात जा म्हणत होते, बाबा."

"नाही. आत या म्हणत होतीस. पाणी खोल नाही, बाबा... आत या."

मी शिवादादाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

"मी पण ऐकलं, अक्षया. कॅमेऱ्यातून येत होता. आवाज तुझाच होता."

दर्शनने तिथल्या तिथे कॅमेरा उतरवला. पुढे दुकानात नेऊन उघडून तपासला. बिघाड सापडला नाही. दुसरं कोण बघत होतं, त्याचाही पत्ता लागला नाही.

बाबा आता माझ्याकडे रत्नागिरीत असतात. स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली, तर उठत नाहीत. खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात.

"समोर ये आधी," म्हणतात. "बोलताना तोंड दिसू दे तुझं."

मी समोर जाऊन उभी राहते. तरी ते बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहतात.