मुहूर्ताआधीच्या अक्षता

पुंडलिकराव जिना चढून आले ते रागानंच धापा टाकत.

धारवाडच्या सुभाष रोडवर, कापडदुकानाच्या माडीवर रुक्मिणीबाईंची खोली. सोयरीक जुळण्याआधी मुलगा काय करतो, घर कसं, माणसं कशी, याची गुपचूप चौकशी करून देणं हा त्यांचा धंदा. बाई नुसत्या नाकासमोर बघणाऱ्या नव्हत्या, दुसऱ्याच्या नाकाखाली काय चाललंय तेही बघायच्या. त्यांचे जावई सुमंत सुट्टीच्या दिवशी त्यांची स्कूटर चालवायचे आणि नेहमीप्रमाणे गोंधळात असायचे.

"रुक्मिणीअक्का, मुलगा नालायक आहे एवढं तुमच्या तोंडून पाहिजे," पुंडलिकराव म्हणाले.

"आधी बसा. नालायकाला नाव असेल की काही."

नाव संतोष. हुबळीत डीजेचा धंदा. पुंडलिकरावांच्या योगिताचं त्याच्याशी बोलणं झालेलं. पण गेल्या आठवड्यात त्यांच्या भाचीचं लग्न झालं, तिथं डीजे हाच. मंगलाष्टकं अर्धीसुद्धा झाली नव्हती आणि स्पीकरमधून वाजंत्री सुटली. मांडवाला काय कळणार? अक्षतांचा पाऊस पडला, अंतरपाट धरणाऱ्यांनी तो खाली सोडला, भटजी हात हलवत राहिले. मुहूर्ताला अजून वेळ होता. मग सगळं पुन्हा झालं, पण मुलाकडची म्हातारी माणसं तोंड वाकडं करून जेवली.

"प्यायलेला असणार," पुंडलिकराव म्हणाले. "आधीपासूनच माझा त्याच्यावर भरवसा नाही. हळदीला सुरुवात देवाच्या गाण्यानं व्हावी म्हणून माझ्याच मोबाईलवरून लावून घेतलं, नाहीतर ह्यानं थेट धिंगाणा मांडला असता. मी सोयरीक मोडतो म्हटलं तर योगिता ऐकेना. म्हणते, रुक्मिणीमावशी म्हणाल्या तरच मानीन."

टेबलावर त्यांचा मोबाईल मुक्यानंच थरथरला. बायकोचा फोन. त्यांनी तो न घेता खिशात टाकला.

ते गेल्यावर सुमंत म्हणाले, "उघडच आहे की, आई. चुकीचं बटण दाबलं."

"उघड असतं तर ते चौकशीला कशाला आले असते, जावईबापू? स्कूटर काढा."

हुबळीच्या दाजीबानपेठेत एका गाळ्यात संतोषचं सामान होतं. माणसाएवढे स्पीकर, तारांची भेंडोळी आणि मधोमध खुंट्याच खुंट्या असलेलं एक यंत्र. त्याला मिक्सर म्हणतात हे ऐकून सुमंतांचा गोंधळ वाढला. त्यांच्या माहितीतला मिक्सर चटणी वाटायचा.

संतोष सडपातळ, मऊ बोलणारा. रुक्मिणीबाईंनी त्याला लग्नाचं काहीच विचारलं नाही, धंद्याचं विचारलं. तो खुलला. सुरुवातीला जुनी, मंद गाणी लावायची, म्हणजे आधी म्हातारी माणसं खुश होतात. त्यांना पाव्हण्यासारखं वागवलं की नंतर पोरांच्या नाचाला ती नावं ठेवत नाहीत. हुबळीच्या लग्नात दोन कन्नड गाण्यांमागं एक मराठी आलंच पाहिजे, नाहीतर एक बाजू रुसते. माइक घेऊन स्पीकरसमोर उभं राहायचं नाही, किंचाळी फुटते. आणि भांडण लागलं तर गाणं तोडायचं नाही.

"तोडलं की सगळे मान वळवून बघतात, अक्का, मग भांडणाऱ्यांना जोर चढतो. हळूहळू उतरवायचं. माणसं आपोआप उतरतात."

"आणि ह्या खुंट्या?"

"एकेक खुंटी म्हणजे आवाजाची एकेक वाट. ही माइकची, ही लॅपटॉपची. ती शेवटची ब्लूटूथची, पाव्हण्यांचे मोबाईल जोडायला. तार लागत नाही. एकदा जोडलेला मोबाईल जवळ आला की आपणहून जोडला जातो, यंत्रावर त्याचं नावही दिसतं."

"लग्नाच्या दिवशी कुणाचा जोडलेला होता?"

संतोषनं तारेचं भेंडोळं उचललं आणि गुंडाळलेलंच पुन्हा गुंडाळायला लागला. "दोन दिवसांत कितीतरी जणांचे. आठवत नाही. चूक माझीच धरा, अक्का. खुंटी वर राहिली होती."

बाहेर येताच सुमंत म्हणाले, "कबूल झाला."

"झाला. पण कशाला, ते बघायला हवं."

नवऱ्या मुलाचा मित्र सतीश त्या दिवशी लॅपटॉपपाशी घुटमळत होता, असं कुणीतरी सांगितलं होतं. तो म्हणाला, गेलो होतो, मला माझं गाणं हवं होतं. संतोषनं नाही म्हटलं नाही, 'वरातीत पहिलं तुमचंच' म्हणाला आणि लॅपटॉपला कुलूपशब्द घालून टाकला. गाणं खरंच पहिलं लागलं, म्हणून सतीश अजून खूश.

मग दुर्गदबैलचा बाजार. हातगाड्या आणि रिक्षा चुकवत सुमंतांनी स्कूटर घातली ती महादेवअण्णांच्या बॅण्डच्या दुकानाशी. पुंडलिकरावांच्या घरच्या लग्नांना पूर्वी ह्यांचाच बॅण्ड असायचा. डीजे आला आणि बॅण्ड गेला.

"हौदु, खरंय, राग आहेच," महादेवअण्णा म्हणाले. "पण पोरगा गोड आहे. माझ्याकडे आला, म्हणाला, अण्णा, वाजंत्री मला तुमचीच पाहिजे. इथं बसून भरून घेतली. लग्नाला मी होतो की. दोनदा वाजली ना, दुसऱ्यांदा आमची वाजली."

"आणि पहिल्यांदा?"

"छे. आमचा आधी ताशा कडाडतो, मग सनई. पहिली ती नुसतीच सनई, ताशाबिगर. विधवेच्या कपाळासारखी."

"तुमच्या जिभेला हाड नाही, अण्णा. विधवा मीही आहे, आणि माझं कपाळ बघून लोक वचकतात," रुक्मिणीबाई म्हणाल्या. अण्णांनी कान धरले.

सुमंतांच्या डोक्यात सनई आणि ताशा एकमेकांत अडकून बसले. संतोषनं वाजंत्री लावलीच नव्हती, तर चूक माझीच म्हणतो कशाला? आणि अण्णांनी मुद्दाम दुसरी सनई वाजवली असेल तर ते आपणहून सांगतील कशाला?

संध्याकाळी दोघं पुंडलिकरावांच्या घरी गेले. ते देवळात गेले होते. भागीरथीवहिनींनी चहा टाकला आणि नवऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. लग्न झाल्यापासून ह्यांचं तंत्र बिघडलंय. पूर्वी पहाटे पूजेसाठी उठायचे. त्यांचा मोबाईल असा ओरडायचा की शेजारीही उठायचे. आता उन्हं येईस्तोवर घोरतात. फोन केला तर घेत नाहीत. मनाला लागलंय म्हणतात.

रुक्मिणीबाईंनी लग्नाचं चित्रण मागितलं. योगितानं आपल्या मोबाईलवर लावलं. व्यासपीठ, अंतरपाट, नवरीच्या मागं मामा म्हणून पुंडलिकराव, कडेला संतोषची यंत्रं. एक काकू मंगलाष्टक लांबवत होत्या. तेवढ्यात सनई. सगळ्यांचे हात वर गेले, अक्षता उडाल्या. संतोषचा हात टोकाच्या खुंटीवर गेला आणि सनई थांबली. मग त्यानं मंद तंबोरा लावला, माइकवर हसून सांगितलं की अक्षतांची एक मूठ शिल्लक ठेवा, खरी वेळ अजून यायची आहे. मांडव हसला आणि शांत झाला.

"काय दिसलं, जावईबापू?"

"सगळे अक्षता टाकतायत. पुंडलिकराव तेवढे खिशात रुमाल शोधतायत. घाम आला असेल."

"डोळे चांगले आहेत तुमचे. त्यांच्यामागं डोकं बसवायचं राहिलंय एवढंच." मग त्या योगिताला म्हणाल्या, "उद्या सकाळी संतोषला बोलाव. छोटा स्पीकर आणि खुंट्यांचं यंत्र घेऊन ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी पडवीत यंत्र मांडून झालं तेव्हा संतोषचा चेहरा उतरलेला होता. "अक्का, राहू द्या," तो दोनदा म्हणाला. पुंडलिकराव खुर्चीत ताठ बसले होते.

"आधी सनईचं बघू," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "संतोषच्या वाजंत्रीत आधी ताशा आहे, म्हणजे ती लॅपटॉपमधून आलीच नाही. लॅपटॉपला तर कुलूप होतं. माइकवर काकू गात होत्या. उरली शेवटची वाट, कुणाच्या तरी मोबाईलची. आता मांडवात शंभर हात वर जातात आणि एकाचा खिशात जातो. सनई ऐकून अक्षता न टाकणारा माणूस कोण? ही सनई लग्नाची नाही हे ज्याला ठाऊक आहे तो. पुंडलिकराव, हळदीला देवाचं गाणं तुमच्याच मोबाईलवरून लागलं होतं. तो द्या."

"तो बिघडलाय."

"बिघडला नाही, मुका केलाय. माझ्या टेबलावर थरथरला तेव्हाच बघितलं. योगिता, आवाज चालू कर आणि अप्पांचा पहाटेचा गजर वाजव."

योगितानं वडिलांकडे बघितलं. त्यांनी मोबाईल पुढे केला आणि मान फिरवली. तिनं गजर लावला, आणि पडवीतल्या स्पीकरमधून सनई आली. ताशाबिगर, नुसती.

भागीरथीवहिनींनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, सुमंतांना कळलं नाही.

"मुहूर्ताच्या थोडं आधीचा गजर लावला होता," पुंडलिकराव जमिनीकडे बघत म्हणाले. "हा पोरगा वेळ चुकवेल, आपण सावध असावं म्हणून. स्पीकरमधून येईल हे कुठं माहीत होतं. आली तेव्हा खिशातच बंद करायला गेलो. सगळे ह्याच्याकडे बघायला लागले, आणि माझी जीभ उचललीच नाही."

"त्याच्यावर भरवसा नव्हता म्हणून लावलेला गजर, आणि खापर त्याच्याच डोक्यावर. ते पक्कं करायला माझ्याकडे आलात," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आता तुमच्या चौकशीचं उत्तर. ज्याला काही माहीत नाही तो आधी लॅपटॉपवर झडप घालील. ह्याचा हात सरळ शेवटच्या खुंटीवर गेला. यंत्रावर नाव दिसतं, म्हणजे कुणाचा मोबाईल वाजतोय हे ह्याला त्याच क्षणी कळलं होतं. मांडवात नाव घेतलं असतं तर हा सुटला असता. ह्यानं खुंटी खाली ओढली आणि तोंडही मिटलं. सोयरीक मोडत चालली तरी उघडलं नाही. मी इतकी वर्षं मुलं तपासते, पुंडलिकराव. सासऱ्याची अब्रू लग्नाआधी सांभाळणारा हा पहिलाच."

सुमंतांनी उगाच चष्मा पुसला.

योगिता संतोषकडे बघत होती. "मला तरी सांगायचंस," ती म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू अप्पांशी भांडली असतीस. भांडण लागल्यावर गाणं तोडत नसतात."

मग पुंडलिकरावांनी मोबाईल उचलला आणि संतोषपुढे धरला.

"पहाटेचा गजर लावून दे. सकाळ चुकते आहे माझी. आणि योगिताच्या लग्नात ती शेवटची खुंटी खालीच ठेव."

सुमंत सासूबाईंच्या कानाशी वाकले. "आई, म्हणजे ठरलं की मोडलं?"

रुक्मिणीबाईंनी नुसतं आत बोट दाखवलं. भागीरथीवहिनी साखरेचा डबा उघडत होत्या.