प्रश्न क्रमांक नऊ

संध्याकाळी पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, बातम्या थेट चालू असताना, अनीश सबनीस हसला.

बातमी होती बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकायच्या मिठाच्या तुटवड्याची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. चूक माझी होती.

शिकागोच्या त्या चॅनलमध्ये प्रोड्यूसर म्हणून माझा तो चौथा दिवस. प्रोड्यूसर कंट्रोल रूममध्ये बसते आणि एक बटण दाबून अँकरच्या कानात बोलते — तीस सेकंद, दहा सेकंद, संपव. त्याला सगळं ऐकू जातं. उत्तर मात्र देता येत नाही, कारण त्याच वेळी अर्धं राज्य त्याच्या तोंडाकडे बघत असतं. अनीश ठरलेल्या वेळेपेक्षा बावीस सेकंद पुढे गेला होता. मी इंग्रजीत दोनदा सांगितलं, बटण सोडलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "आवर ना बे आता! किती बोलतो!"

बटण सुटलेलं नव्हतं.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये जन्मलेल्या, एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला नागपूरचं 'बे' कळेल अशी मला कल्पना नव्हती. सहा वाजून चार मिनिटांनी तो कंट्रोल रूमच्या दारात उभा होता. कॉलरमध्ये मेकअपचा कागद तसाच खोचलेला.

"मघाशी कोण बोललं?"

मी हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"नाव?"

"उर्वी भुसारी."

"नागपूर?"

"...हो. सॉरी."

"सॉरी काय, यार. माझी आई पुण्याची आहे. आमच्या घरी 'बे' म्हटलं तर जेवायला मिळत नाही." तो जायला वळला, मग थांबला. "उद्यापण मराठीतच सांग. जास्त इफेक्टिव्ह आहे."

ही तीन वर्षांपूर्वीची, जानेवारीच्या नऊ तारखेची गोष्ट.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्याच्या कानात मराठी बोलत राहिले, आणि तो हाताने उत्तरं देत राहिला. पेन आडवं ठेवलं की — कळलं. कपाचा कान माझ्या कॅमेऱ्याकडे वळवला की — याचा सूड घेईन. जाहिराती लागल्या की मात्र त्याला दोन मिनिटं दहा सेकंद बोलता यायचं.

"हा टाय कुणी निवडला? दुष्मनाने?"

"आईने."

"मग छान आहे."

"हे चीटिंग आहे. म्हणजे राग फक्त माझ्यावर?"

"तुझ्यावर रागवायला वेळ कुठे आहे? एक मिनिट चाळीस."

त्याची आई, शैलजाकाकू. तीस वर्षं भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. गणपतीला त्यांनी मला घरी बोलावलं, मग दिवाळीला, मग काही निमित्त लागेनासं झालं. बाकीच्या संध्याकाळी मी बातम्या संपवून माझ्या एका खोलीच्या घरी जायचे, एका माणसाचा भात लावायचे आणि नागपूरला फोन करायचे. तिथे सकाळ असायची, आई घाईत असायची. "सगळं ठीक ना?" ती विचारायची. ठीकच असायचं. दिवसभरातलं माझं खरं बोलणं साडेपाच ते सहामध्ये होऊन गेलेलं असायचं, आणि तेही अशा माणसाशी, ज्याला मध्ये बोलता येत नव्हतं.

आम्ही एकमेकांना काही सांगितलं नाही. उद्या पुन्हा बातम्या असायच्याच... घाई नव्हती.

मग गेल्या सप्टेंबरात, एका मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता, अनीशने सगळ्यांना न्यूजरूममध्ये बोलावून सांगितलं, की तो नोकरी सोडतोय आणि गव्हर्नरपदासाठी उभा राहतोय. अकरा वर्षं आपण प्रश्न विचारले, आता उत्तरं द्यायची आहेत, असं म्हणाला. टाळ्या झाल्या. मी बातमी लिहायला घेतली.

जिन्यात त्याने मला गाठलं.

"तू काहीच म्हणाली नाहीस."

"काय म्हणू? साडेपाचच्या बातम्यांत पहिली लावली आहे."

"उर्वी, मी तुला विचारतोय. चॅनलला नाही."

"उद्यापासून मला तेवढीच परवानगी आहे."

नियम साधा होता. बातमी विभागातल्या कुणाचेही उमेदवाराशी किंवा निवडून आलेल्या नेत्याशी वैयक्तिक संबंध नसावेत. असतील तर कळवावं, आणि बाजूला व्हावं. बाजूला होणं मला परवडणारं नव्हतं. माझा व्हिसा या नोकरीवर होता. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी, नाही तर नागपूर. त्याला हे माहीत होतं.

"मार्चपर्यंत," तो म्हणाला. मार्चमध्ये प्रायमरी असते. पक्षाचा उमेदवार कोण ते मतदार ठरवतात.

"आणि ती जिंकलास तर नोव्हेंबरपर्यंत."

"हो... आणि नोव्हेंबरमध्ये जिंकलो, तर—"

"तर चार वर्षं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे मी हरावं असं वाटतं तुला?"

"मी न्यूट्रल आहे," मी म्हणाले.

त्याने पेन खिशाला लावलं आणि खाली उतरून गेला.

हिवाळा लवकर आला. त्याच्या जागी मेगन नावाची अँकर आली. हुशार, वेळेच्या बाबतीत काटेकोर, कधीही बावीस सेकंद पुढे न जाणारी. तिच्याशी मी फक्त आकडे बोलायचे. अनीश मला मॉनिटरवर दिसायचा — पीओरियातल्या धान्याच्या कोठारापुढे, रॉकफर्डमधल्या कारखान्याच्या दारात, उणे अकरा तापमानात, उघड्या डोक्याने. "टोपी घाल," मी म्हणायचे. बटणापासून हात लांब ठेवून.

संक्रांतीला शैलजाकाकूंचा फोन आला. "तिळाच्या वड्या केल्यात. येतेस ना?"

"काकू, नाही येता येणार. तो उमेदवार आहे."

"अगं, मी कुठे उमेदवार आहे?"

मला हसू आलं. त्याही हसल्या.

"तोही येत नाही गं," काकू म्हणाल्या. "घर कसं... बरं, कामात असशील. ठेवते."

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला पक्षाच्या चारही उमेदवारांच्या मुलाखती होत्या, बातम्यांनंतर, प्रत्येकी आठ मिनिटं. प्रश्न मी लिहिले होते. अनीशसाठी सगळ्यात कठीण प्रश्न काढायला मला दोन दिवस लागले. कुणी म्हणायला नको, की त्याला सोपा गेला. तो स्प्रिंगफील्डमध्ये होता, एका लहान खोलीत, समोर फक्त कॅमेरा. मेगन त्याला दिसत नव्हती. कानात फक्त आवाज.

सहा वाजून बारा मिनिटांनी मेगनने विचारलं, "अकरा वर्षं तुम्ही दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलंत. आता कोण लिहून देतं?"

तो थांबला. एक सेकंद. दोन. मॉनिटरवर त्याचे खांदे वर गेले. तीन. थेट प्रक्षेपणात चार सेकंद म्हणजे फार होतात. माणूस डोळ्यांदेखत बुडू लागतो.

मी बटण दाबलं. "श्वास घे," मी म्हणाले. "मी आहे इथे."

त्याने श्वास घेतला. खांदे खाली आले. "आज समोर काहीच लिहिलेलं नाही," तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "म्हणून वेळ लागला." आणि मग तो खरंच बोलला, न वाचता, अडखळत, चांगलं. पुढच्या दोन दिवसांत ती मुलाखत सगळीकडे फिरली. जनमत चाचण्यांमध्ये तो चौथ्यावरून दुसरा आला.

कंट्रोल रूममध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. सहा वाजून पन्नास मिनिटांनी मी स्वतःच न्यूज डायरेक्टर डगला मेल लिहिली. तो दहा मिनिटांत माझ्या टेबलापाशी आला.

"नक्की काय म्हणालीस?"

मी इंग्रजी करून सांगितलं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"हे कोचिंग नाही," तो म्हणाला. "हे त्याहून वाईट आहे."

"माहीत आहे."

"बाकी तिघांना असं काही म्हणालीस?"

"बाकी तिघं अडखळले नाहीत."

डगने डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता तो. दुसऱ्या दिवशी मेगनने पडद्यावरून खुलासा वाचला — एका प्रोड्यूसरने एका उमेदवाराशी मुलाखतीदरम्यान नियमाबाहेर संभाषण केलं. चौकशी चालू आहे. माझं नाव नव्हतं. मला सकाळच्या ट्रॅफिकच्या बातम्यांवर टाकलं.

अनीशपुढे सोपा रस्ता होता. तांत्रिक सूचना होती, आवाज नीट आला नाही — काहीही म्हणता आलं असतं. त्याच्या प्रचाराची व्यवस्थापक नैना हिने तसं निवेदनही लिहून तयार ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यानंतरच्या शुक्रवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी पत्रकारांनी त्याला ब्लूमिंग्टनमध्ये गाठलं. ते चित्रण आमच्या न्यूजरूमच्या सगळ्या पडद्यांवर एकदमच आलं.

"कानात काय सांगितलं तुम्हाला?"

"श्वास घे, असं."

"त्या महिलेशी तुमचे संबंध आहेत?"

मागे उभ्या नैनाने नकारार्थी मान अगदी बारीक हलवली.

"नाहीत," अनीश म्हणाला. मग खाली बघितलं, मग वर. "नाहीत, ही माझी चूक आहे. तिने सगळे नियम पाळले. तीन वर्षं. मीच बोलायला हवं होतं."

न्यूजरूममधली सोळा डोकी माझ्याकडे वळली. मी केनेडी एक्सप्रेसवेवरच्या अपघाताची चाळीस सेकंदांची बातमी पूर्ण केली. एकही शब्द बदलावा लागला नाही. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तसाच वाहू दिला.

त्याने फोन केला नाही. मीही नाही. चौकशी चालू होती.

प्रायमरीचं मतदान मार्चमध्ये, एका मंगळवारी झालं. बुधवारी सकाळी तो दुसरा होता, चार हजार दोनशे मतांनी मागे. पोस्टाने आलेली मतं मोजायची होती. त्याच सकाळी चॅनलच्या वकिलांकडून मला चौकशीचा फॉर्म आला. चौदा प्रश्न, गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. तेरा उत्तरं मी वीस मिनिटांत लिहिली.

गुरुवारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी मी शैलजाकाकूंच्या दारापुढे गाडी लावली. बारीक पाऊस होता, बर्फ होता होता राहिलेला. अनीश पायरीवर बसला होता, कॉलेजच्या जुन्या स्वेटशर्टमध्ये, दाढी न केलेला. पडद्यावर दिसतो त्यापेक्षा तो बारीक होता. हे मी विसरले होते.

"फोन करायचास," तो म्हणाला.

"एका बाजूच्या माहितीवर मी काही लिहीत नाही. दुसऱ्या बाजूची खातरजमा समोरासमोर करते."

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने मोठ्याने वाचलं, बातमी वाचायच्या आवाजात. "'प्रश्न क्रमांक नऊ. सदर उमेदवाराशी आपले वैयक्तिक संबंध आहेत का, किंवा निर्माण होण्याची शक्यता आहे का?'" त्याने वर बघितलं. "शक्यता... परसेंटेज लिहायचं?"

"हो किंवा नाही. दोन चौकोन आहेत."

"'हो' म्हटलं तर?"

"साठ दिवस."

"आणि 'नाही'?"

"तर ते खरं करावं लागेल."

तो सरकला. मी बसले. पायरी ओली होती.

"उर्वी, मी तुला 'नाही' लिहायला सांगायला हवं. तुझ्यासाठी तेच राइट आहे."

"मग सांग."

"सकाळपासून प्रॅक्टिस करतोय." त्याने कपाळावरचं पाणी पुसलं. "जमत नाहीये."

"न लिहिलेलं बोलायचं असतं तेव्हा तुला वेळ लागतो."

"टोमणा?"

"निरीक्षण."

तो हसला, पण हसू लवकर गेलं. "तू निघून गेलीस तर मी हे सगळं कुणाला... मला माहितीये, हे विचारणं फेअर नाही. पण मला तू इथे हवी आहेस. इलेक्शनसाठी नाही. अशीच."

"मलाही," मी म्हणाले. एवढंच. माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं.

त्याचा फोन वाजला. नैना होती. तो ऐकत राहिला, दोनदा "ओके" म्हणाला, ठेवला.

"लेक काउंटीचे पोस्टल बॅलट्स आले. नऊशे चाळीसने मागे आहे आता." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू न्यूट्रल आहेस, माहितीये. चार वर्षांचं गणितही माहितीये."

"मला आनंद झालाय," मी म्हणाले. ते खरं होतं. सप्टेंबरपासून मी रोज संध्याकाळी तो हरावा म्हणून आकडे बघत होते, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं.

त्याने हात पुढे केला. मी धरला. दोघांचेही गार होते.

आतून काकूंचा आवाज आला, "अरे, तिला आत तरी बोलाव!"

चार वाजून त्रेचाळीस मिनिटं. अनीश सबनीस नऊशे चाळीस मतांनी मागे आहे. सुमारे एकतीस हजार मतं मोजायची बाकी आहेत. नवव्या प्रश्नापुढचे दोन्ही चौकोन रिकामे आहेत. काकूंनी दुसऱ्यांदा हाक मारली. आमच्यापैकी अजून कुणी उठलेलं नाही.